लाखाची काच

"थांब बे, पाहू दे."

कुठल्याही गोष्टीला त्यांचं पहिलं वाक्य हेच. म्हणता म्हणता शर्टाच्या खिशातून पांढरा रुमाल निघायचा आणि समोरची वस्तू पुसली जायची. हॉटेलातला चहाचा ग्लास, किराणा दुकानातला वजनकाटा, आणि एकदा तर माझा चष्मा, तोही माझ्या नाकावरून उचलून. पुसून झालं की ती वस्तू उजेडाकडे धरायची, एक डोळा मिटायचा आणि निकाल द्यायचा, "नाही. धुकट हाये." माझा चष्मा धुकट होता हे खरं. पण म्हणून चारचौघांत सांगायचं?

गावात त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठीमागे पाहूदे. हे नाव मी ठेवलेलं. माझी जीभ तिखट आहे हे आधीच कबूल करून टाकतो. गावात कोणाला काय नाव चिकटवायचं हे खातं बरीच वर्षं माझ्याकडेच आहे.

काकांची पिठाची चक्की होती, मोताळा तालुक्यात, रोहिणखेडकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. चक्कीच्या बरोबर समोर माझं ऑनलाइन सेंटर. सातबारा, पीकविमा, रिचार्ज, आणि ज्याला मोबाइलवर वस्तू मागवता येत नाही त्याला ती मागवून देणं, हा माझा धंदा. त्यामुळे दिवसभर आम्ही एकमेकांच्या तोंडासमोर. दळण चालू असताना दर पाच मिनिटांनी ते पिठाची चिमूट घेऊन दाराशी उजेडात यायचे. बाया डबे घेऊन ताटकळायच्या. "अवो काका, पीठच हाये ते, सोनं नोहे," एखादी वैतागून म्हणायची. "थांब माय, पाहू दे." पलीकडच्या गल्लीत दुसरी चक्की निघाली तेव्हा अर्ध्या बाया तिकडे पळाल्या त्या परत आल्याच नाहीत. मला विचाराल तर बरोबर केलं त्यांनी.

तर अशा या माणसाकडे गावातलं बंदुकीचं एकमेव लायसन होतं. वडिलांकडून आलेली जुनी रायफल. तरुणपणी आपण दोन रानडुकरं मारली असं काका सांगत. त्याला साक्षीदार दोन होते आणि दोघंही वारलेले होते.

तीनेक वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात रानडुकरांनी आमच्या शिवारात नुसता धिंगाणा घातला. नाल्याकाठी रब्बीचा मका उभा होता. दिवस कलला की डुकरांचा कळप शिरायचा आणि खाल्लं त्याच्या चौपट तुडवून जायचा. नुकसानभरपाईचे अर्ज भरून भरून मी थकलो. माझाही अडीच एकर मका तिथेच होता. शेवटी हेलपाटे घालून डुकरं मारायची परवानगी आली. कागदावर मुदत लिहिलेली, आणि मारणाऱ्याच्या नावापुढे आमच्या पाहूदेचं नाव. मी प्रिंट काढून सरपंचाच्या हातात दिली आणि म्हणालो, "झालं. आता डुकरं म्हातारी होऊन मरतील."

सगळे हसले. काकाही हसले, तेवढा भला होता माणूस.

साठी उलटलेली. नळीच्या टोकावरची नेमाची खूण त्यांना दिसेना. म्हणून माझ्याकडे आले आणि म्हणाले, "बाबू, बंदुकीवर बसवाची दुर्बीन मांगव." मी मोबाइलवर सगळ्यात स्वस्त होती ती काढली. फोटोत एक गोरा माणूस बर्फात बंदूक घेऊन उभा होता. मी म्हणालो, "हे घ्या. काच ती काच. महागातलीत काय डुक्कर जास्त मोठं दिसणार आहे?"

"दुपारी बाराले तं सगळ्याच काचा शहान्या असतात," काका म्हणाले. "डुक्कर सांजीले येते. सांजीले कोनती काच काय दाखवते ते पाहा लागते."

आता घ्या. आयुष्यभर गहू दळलेला माणूस मला काचेचं ज्ञान देणार!

दुर्बीण आली. काकांनी ती बंदुकीवर चढवलीच नाही. चक्कीच्या दारात स्टूल टाकून हातात धरून बसले. समोर लांबवर गावची पाण्याची टाकी आहे आणि तिच्यावर उद्घाटनाच्या वेळची नावं रंगवलेली आहेत. काका रोज दिवस मावळेपर्यंत ती नावं वाचत बसायचे. पाचला सगळी नावं दिसली. साडेपाचला सरपंचाचं दिसलं, उपसरपंचाचं गेलं. सहाला सरपंचही गेले आणि टाकीही गेली. "नाही. धुकट हाये. वापस कर," काका म्हणाले. ही बातमी उपसरपंचांपर्यंत पोचली आणि ते चार दिवस काकांशी बोलले नाहीत. आपलंच नाव आधी का जातं, असं त्यांचं म्हणणं.

दुसरी मागवली, जरा बरी. टाकीच्या परीक्षेत ती काठावर पास झाली. मग बंदुकीवर चढवून नाल्याच्या बांधाला पत्रा टेकवला आणि काकांनी पाच काडतुसं उडवली. पहिली तीन एका जागी लागली, चौथं वीतभर डावीकडे, पाचवं पत्र्यालाच लागलं नाही. बंदुकीच्या दणक्यानं आतली काच हलली होती. पहाटे पाहिलं तर आतून दवही धरलेलं. "वापस कर."

कुरिअरवाला मला विचारायला लागला, "हा माणूस घेऊन ठेवते तरी काय काही?"

इकडे परवानगीचे दिवस चालले होते आणि डुकरं काही मुदतीची वाट पाहत नव्हती. एक दिवस माझ्या सेंटरसमोर आठ-दहा जण जमले. मीच जमवले. त्यातला एक जण, ज्याचा मका अर्धा आडवा झाला होता, तो तावातावानं म्हणाला, "काका, डुकराच्या अंगावर काय नाव लिवेल हाये वाचाले? काळं दिसलं की हाना ना!"

"नाव लिवेल नाही, म्हूनच तं पाहा लागते," काका म्हणाले आणि पीठ पाहायला आत गेले.

"पाहा, पाहा. तुम्ही पाहा, डुकरं खातात," मी मागून ओरडलो. लोक खूश झाले.

आणि मग या माणसानं काय करावं? मोटारसायकल विकली. चांगली चालू गाडी. त्या पैशांत थोडी भर घालून भारीतली दुर्बीण मागवायला लावली, माझ्याच हातानं. ऑर्डर टाकताना मी तीनदा विचारलं, "काका, डोकं ठिकाणावर आहे ना?" किंमत काही लाख नव्हती, पण गावात लाखाची काच असंच झालं. तेही अर्थात माझ्याच तोंडून. ती आली त्या दिवशी संध्याकाळी दारात गर्दी. साडेसहाला काकांनी सरपंच वाचले, उपसरपंच वाचले, सगळे सदस्य वाचले, आणि सगळ्यात खाली बारीक अक्षरात पेंटरचा मोबाइल नंबर होता तोही वाचला. कोणीतरी तो लावून पाहिला. लागला. पेंटर म्हणाला, काय काम आहे?

"हे काच," काका म्हणाले. दुसरं काही नाही. त्या दिवशी रुमालानं त्यांनी स्वतःचे डोळे पुसले. मी म्हणालो, "गाडी आठवली वाटते."

नाल्याकाठी मचाण बांधलं. रोज चारला काका बंदूक खांद्याला लावून चालत जायचे, गाडी होतीच कुठं आता. पाचनंतर त्या मक्यात कोणी फिरकू नये अशी सूचना मंदिराच्या भोंग्यावरून द्यायची ठरली आणि ते काम माझ्याकडे आलं, कारण गावात माईकची लाज नसलेला मी एकटाच. पहिले दोन दिवस नीट सांगितलं. मग माझ्यातला आगाऊपणा जागा झाला. "समस्त ग्रामस्थांना कळवण्यात येते की पाचनंतर नाल्याकाठच्या मक्यात कोणी जाऊ नये. काका पाहून राह्यले आहेत."

अख्खं गाव हसायचं. बाया भाकरी थापताना हसायच्या. माझी बायको घरी माझ्यासारखा आवाज काढून दाखवायची.

नऊ संध्याकाळी गेल्या. एक बार नाही. रोज नवं कारण. एक दिवस वासरू होतं. एक दिवस डुक्कर होतं, पण त्याच्यामागे वस्ती होती. एक दिवस काकांना वाटलं की कुत्रं असावं. "असावं म्हंजे?" मी चौकात विचारलं. "लाखाच्या काचेत असावं दिसते का?" मी तर असं ऐकवायचो की तुम्ही तिथे असतात तर तुम्हालाही हसू आवरलं नसतं. हसलाच असतात, उगाच साळसूद होऊ नका.

दहाव्या दिवशी मी पाचला भोंग्यावर बोललो आणि घरी चहाला आलो. तेवढ्यात शेतीची लाइट आली. आमच्याकडे ती कधी येईल आणि कधी जाईल याचा नेम नाही, आली की पळावं लागतं. बायको म्हणाली, "मोटर चालू करून पान्याचं बारं लावून येऊ काय मक्याले? पन काका बसेल असतीन ना तठी."

मी बशीत चहा ओतत होतो. मान वर न करता म्हणालो, "जाय ना व. त्याच्या बंदुकीले काय भेते? नऊ दिवसांत चिमणी उडाली नाही त्याच्यानं."

ती गेली.

सातच्या सुमारास काका चौकात आले. चेहरा पिठासारखा पांढरा. सगळ्यांनी गराडा घातला. कोणीतरी विचारलं, "काय झालं काका? आज तरी?"

"दिसलं नाही," काका म्हणाले.

एवढंच. ना वासरू, ना कुत्रं, ना वस्ती. मी अशी संधी सोडतो काय? "ऐका हो ऐका!" मी म्हणालो. "लाखाची काच, अन् दिसलं नाही!" चौकात असा हशा उसळला की पानटपरीवाला बाहेर आला. काका माझ्याकडे पाहत उभे राहिले. मला वाटलं, मस्त बसली. मग ते निघून गेले.

ते वाक्य गावानं उचललं. लग्नात वाढप्याला भाजी दिसली नाही की लाखाची काच. क्रिकेटमध्ये झेल सुटला की लाखाची काच. त्या रात्री घरी गेलो तर बायको चुलीपाशी. तिनं सांगितलं की बांधावर काका भेटले आणि काही न बोलता आपल्या गल्लीपर्यंत सोबत आले. "मुके झाल्यावानी चालत होते," ती म्हणाली. मी तिला चौकातली गंमत सांगितली. ती पोट धरून हसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी, गिऱ्हाईक नाही असं पाहून काका माझ्याकडे आले. हातात दुर्बिणीचा खोका. टेबलावर ठेवला. म्हणाले, "हे रिटर्न होते काय?"

"काका, मुदत गेली. आणि एवढी चांगली काच..."

"चांगली हाये," ते म्हणाले. "लय चांगली हाये. तेच सांगाले आलो."

मग उभ्या उभ्या त्यांनी सांगितलं. मी त्यांचेच शब्द लिहितो, कारण ते मला पाठ आहेत, विसरायचे म्हटले तरी विसरता येत नाहीत.

"मक्यात हाललं. काळं होतं, वाकेल होतं. सत्तर-ऐंशी पावलांवर. मी बंदूक धरली. नेम खांद्यामागं बसला. बोट आत गेलं बाबू, दाबाचंच राह्यलं होतं. तेवढ्यात ते वळलं अन् मले गुंडी दिसली."

"कसली गुंडी?"

"सेटरची. तपकिरी सेटर, अन् त्याले एक गुंडी पांढरी. शर्टाची लावेल. तुह्या सेटरले हाये तशी."

तो स्वेटर मी टाकून दिलेला होता. बायको शेतात जाताना साडीवर घालते. पांढरी गुंडी तिनंच लावलेली, माझ्या जुन्या शर्टाची.

मी उठून सेंटरचं दार लोटून घेतलं. 

"पह्यलीवाली काच असती तं मले नुसतं काळं दिसलं असतं," काका म्हणाले. "अन् मी दाबलं असतं. तुम्ही सगळे मांगं लागलेच होते, हाना म्हून."

"काका," मी म्हणालो, "तुमच्यामुळे वाचली ती."

"काही बोलू नको." एवढ्या वर्षांत त्यांचा आवाज चढलेला मी पहिल्यांदा ऐकला. "वाचली कायची? मी बाईवर बंदूक धरली. गावच्या सुनेवर. पाह्यासाठी म्हून बंदूकच धरली ना मी? आधी पाहा लागते, मंग बंदूक. मी उलटं केलं. इतकी वर्सं सगळं पाहून केलं, अन् तठीच उलटं केलं." त्यांनी खोका स्वतःकडे ओढला. "झोप नाही येऊन राह्यली मले. डोळा लागला का गुंडी दिसते."

मी विचारलं, "मग चौकात काऊन नाही सांगितलं? मी एवढं बोललो तुम्हाला, सगळं गाव हसलं."

"काय सांगू? रोज भोंग्यावर जाऊ नका म्हून सांगते त्याचीच बाई मक्यात होती म्हून?" ते माझ्याकडे पाहत होते. मी मान खाली घातली. मी तिला काय म्हणून पाठवलं होतं ते मी काकांना सांगितलं नाही. तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. "अन् तिले सांगू नको. शेतात जायाले भेईन. घरी तिच्याबिगर कोन करते शेत? तू तं अठी बसेल असतं."

खोका उचलून ते समोर चक्कीत गेले. त्या आठवड्यात त्यांनी रायफल पोलीस ठाण्यात जमा केली. परवानगीची मुदत संपली. उरलेला मका डुकरांनी खाल्ला आणि त्याचंही खापर गावानं काकांवरच फोडलं. दुर्बिणीचा खोका चक्कीतल्या फळीवर पडून राहिला, त्यावर पीठ बसत गेलं. तो मात्र काकांनी कधी पुसला नाही.

आता तुम्ही विचाराल, मी काय केलं? सांगतो. मी काही केलं नाही. तीन वर्षं चौकात कोणीतरी लाखाची काच म्हणायचं आणि लोक माझ्याकडे कौतुकानं पाहायचे, कारण वाक्य माझं. मी हसायचो. कधी मीच म्हणायचो, नाहीतर लोकांना संशय आला असता. काकांनी सांगू नको म्हटलं होतं, हे माझ्या सोयीचं होतं. त्यांनी ते तिच्या भीतीपोटी म्हटलं होतं. मी गप्प राहिलो ते वेगळ्या भीतीनं. पुढचा प्रश्न मला माहीत होता, की मग तिला पाठवलं कोणी? गावाला नावं ठेवणारा हा माणूस किती हलक्या काळजाचा आहे ते पाहून घ्या.

बायको दळण न्यायची ते काकांकडेच. डबा टेकवताना म्हणायची, "काय काका, दिसते काय पीठ, का धुकट हाये?" बाया खिदळायच्या. काका तिच्याकडे बघत राहायचे आणि हसायचे. मग रांगेत कोणीही असो, तिचा डबा पहिला घ्यायचे. मी समोरून पाहायचो आणि कॉम्प्युटरच्या पडद्यात तोंड घालायचो.

गेल्या वैशाखात काका गेले. छातीत दुखतंय म्हणाले, बुलढाण्याला नेईपर्यंत संपलं. तिसऱ्या दिवशी नाल्यावरची राख सावडून आम्ही परत येत होतो. जाणाऱ्याबद्दल चांगलं बोलावं म्हणून लोक आठवू लागले आणि आठवून आठवून सगळ्यांना तेवढी लाखाची काच आठवली. जरा दबून हसले. मीही ओठ हलवले.

घरी आलो तेव्हा बायको काकांच्या घरी न्यायला भाकरी करत होती. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारचे डबे जातात, आज आमची पाळी होती. भाकरी थापता थापता ती म्हणाली, "गरीब होता बिचारा. पन काहो, खरंच त्यानं उभ्या जल्मात काही मारलं नसीन? लाखाची काच अन् दिसलं नाही!" आणि हसली. तोंडाला पदर लावून, आवाज न करता, पण मनापासून.

तिचा तो हसरा चेहरा पाहिला आणि माझ्यातलं काहीतरी सुटलं. मी खाली बसलो आणि सगळं सांगितलं. मका, बोट, गुंडी, गल्लीपर्यंतची सोबत. सगळं.

तव्यावरची भाकरी करपली. तिनं ती उतरवली नाही.

मग म्हणाली, "तुम्हाले तव्हाच सांगतलं होतं त्यानं?"

"हो."

"मंग तीन वर्सं मी त्याच्या दारात जाऊन त्याले हसली. तुम्ही समोर बसेल होते. पाहत होते."

मी चुलीतलं लाकूड मागे ओढलं.

"मी पुसलं होतं तुम्हाले, जाऊ काय म्हून," ती म्हणाली. "काका बसेल असतीन, असंही म्हनलं होतं मी. तुम्ही जाय म्हनलं."

"हो," मी म्हणालो.

तिनं तवा उतरवला. करपलेली भाकरी बाजूला टाकली आणि पुन्हा पीठ मळायला घेतलं. चार भाकरी नव्यानं केल्या, एकेक नीट पाहून. पिठलं डब्यात भरलं, भाकरी फडक्यात बांधल्या, डोक्यावरून पदर घेतला. दारात चपला घालताना ती क्षणभर थांबली. मी उठून उभा राहिलो.

मला चला म्हणाली नाही.